मुका हेडसेट

सरांनी माईकवरचा काळा स्पंज दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग हात धुतले. साबण लावून. मग नवा स्पंज बसवून हेडसेट पुढच्या मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "हायजीन."

तो हेडसेट मी नुकताच डोक्यावरून काढला होता. माझ्या आधी तो बऱ्याच पोरांनी घातला होता. मे महिना होता, धावपट्टी तापलेली, प्रत्येकाचा घाम त्या हेडसेटला लागला होता. तेव्हा स्पंज बदलला नव्हता. माझ्यानंतर बदलला.

मी डब्याकडे पाहिलं. केळाच्या सालीवर तो पडला होता. बोराएवढा.

ही विमान चालवायला शिकायची जागा वर्ध्यापासून लांब, दुसऱ्या राज्यात होती. मी हिंगणघाटची. बाबा मिलमध्ये, आई कापसाच्या जिनिंगमध्ये. सरकारी शिष्यवृत्तीवर आले होते. सर आमचे मुख्य प्रशिक्षक. उत्तम वैमानिक. शुद्ध मराठी, शुद्ध इंग्रजी. त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना नावं विचारली. मी माझं सांगितलं, बाबांचं सांगितलं.

"आणि पुढे?"

शाळेच्या दाखल्यात बाबांनी माझं आडनाव लावलंच नव्हतं. माझं नाव, त्यांचं नाव, संपलं. पोरीला त्रास कमी होईल असं त्यांना वाटलं. त्रास कमी झाला नाही. एक प्रश्न तेवढा वाढला. लोक नाव ऐकून घेतात, थांबतात, मान जरा पुढे काढतात आणि विचारतात, आणि पुढे?

त्या सकाळी मी पुढचं सांगून टाकलं. लपवायचं असतं हे तेव्हा कळत नव्हतं. सर "बरं" म्हणाले. मग उड्डाण झालं. मग स्पंज.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीला एक जुना हेडसेट लटकत होता. वायरीला पांढरी चिकटपट्टी. सर म्हणाले, "हा तुझा. दुसऱ्याला हात लावायचा नाही."

विमानात बसल्यावर कळलं. सरांचा आवाज कानात येत होता. माझा आवाज कुठेच जात नव्हता. माईक मेलेला होता. खाली उतरल्यावर मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, हे मला नीट आठवतं.

"सर, याचा माईक बंद आहे. मी ऐकतो, पण मले बोलता येत नाई."

"ऐकतो?" सर पोरांकडे वळले. "मुलगी आहेस ना तू?"

पोरं हसली.

आमच्याकडे बाया 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. माझी आई बोलते. तिची आई बोलत होती. त्यात हसण्यासारखं काही असतं हे मला तिथे कळलं.

"ऐकतो नाही, ऐकते. मले नाही, मला," सर म्हणाले. "आणि तू ऐक फक्त. तुला बोलायचं काय काम आहे?"

तसंच शिकले. ते सांगायचे, मी मान हलवायची. समजलं असेल तर अंगठा वर. नसेल समजलं तर काहीच नाही, कारण न समजल्याची खूण ठरलेली नव्हती. बाकीची पोरं रेडिओवर विमानतळाच्या टॉवरशी बोलायला शिकली. माझ्या वेळी सरच बोलायचे. एकेक करून पोरं एकटी विमान घेऊन वर गेली. त्याला सोलो म्हणतात. सोलो झाला की बाकीची मुलं डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. माझ्यासाठी बादली कोणी भरली नाही. सर म्हणायचे, "रेडिओवर कच्ची आहे ती."

मग बाहेरून एक परीक्षक आले. म्हातारे होते. कमी बोलणारे. विमान जमिनीवर असतानाच त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी अंगठा वर केला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा अंगठा. त्यांनी इंजिन बंद केलं, माझ्या डोक्यावरचा हेडसेट काढला, स्वतः घालून पाहिला. स्वतःच्या डोक्यावर घातला. मग मला घेऊन खाली उतरले आणि सरांपुढे उभे राहिले.

"हा माईक मेलाय. हिला कोणी दिला हा?"

सर हसले. अगदी सहज. "अहो, तिनं सांगितलंच नाही."

पोरं तिथेच उभी होती. ज्यांच्यासमोर मी सांगितलं होतं तीच. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं नाही. त्यांनी स्वतःचा हेडसेट मला दिला. मी टॉवरशी बोलले. एकटी वर गेले, एकटी खाली आले. तो दिवस आनंदाचा असायला हवा होता. वर असताना शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तरीही माझ्या कानात कोणीतरी बोलत होतं. ऐक फक्त.

तो आवाज गेला नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. विमान चालवते. जे दिसतं, जे मोजता येतं, त्यावर माझं पोट आहे. तरी सांगते, नंतर एका विमान कंपनीत लागले, स्वतःचा हेडसेट घेतला, चांगला घेतला, आणि प्रत्येक उड्डाणाआधी तो कानावर चढवला की इंजिनाच्या आधी तो माणूस बोलायचा. ऐक फक्त. तिनं सांगितलंच नाही. मी कॅप्टन झाले. शेजारी बसणारी पोरं मला मॅडम म्हणू लागली. तो बोलतच राहिला. लग्न झालं, मोडलं, तो विषय इथे नाही. भाषा मात्र मी घासून घेतली. 'मला', 'ऐकते', 'नाही'. विमानातली माझी घोषणा ऐकून मी हिंगणघाटची आहे हे कोणाला ओळखता आलं नसतं. सर कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांची गरजही उरली नव्हती. त्यांचं काम माझ्याच डोक्यातून चालू होतं.

गेल्या वर्षी आमची कंपनी बंद पडली. मी हिंगणघाटला आईकडे आले आणि एका परदेशी विमान कंपनीत अर्ज केला. पोटासाठी केला, हे खरं. पण मनात आणखी एक होतं, तेही सांगते. तिथे कोणाला आपली आडनावं कळत नाहीत. तिथे माझं नाव हे फक्त नाव असेल. 'आणि पुढे?' विचारणारं कोणी नसेल.

या वयात परीक्षा देणं सोपं नसतं. दिली. पास झाले. मग मुलाखत. पहिली फेरी घरूनच, लॅपटॉपवर. आधीच तिथे नोकरी करत असलेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर तयारी करून घेतली.

"एक प्रश्न नक्की येतो," तो म्हणाला. "बोलायला हवं होतं आणि तुम्ही गप्प राहिलात, असा प्रसंग. वादळाचं काहीतरी सांगा. कॅप्टन घाईत होता, मी जरा उशिरा सावध केलं, त्यातून शिकले. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. कडवट माणूस कोणालाच नको असतो."

मी वादळ पाठ केलं.

मुलाखतीच्या दिवशी पुढच्या खोलीत टेबल लावलं. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मी लॅपटॉप फिरवला, कोरी भिंत मागे येईल असा. आई दारात उभी राहून पाहत होती.

"काऊन फिरवलं?"

"उजेड येते तिकडून."

उजेड तिकडून येत नव्हता. आईला ते माहीत होतं. आयुष्यभर तिनं जिनिंगमध्ये तोंडाला पदर बांधून काम केलं. तिथे तोंड उघडलं की रुई आत जाते. आत जाताना एवढंच म्हणाली, "बोलजो बरं. मान हलवत बसू नोको."

मी तिला त्या हेडसेटबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.

हेडसेट घातला. तो बोलला. ऐक फक्त.

पडद्यावर आधी एकटाच चेहरा आला. भारतीय. त्या कंपनीत मोठ्या पदावरचा कॅप्टन, माझ्याच वयाचा. बाकीचे दोघे यायचे होते. माझी माहिती त्याच्यापुढे होती. तो मराठीत म्हणाला, "अरे वा, वर्धा जिल्हा. आपल्याकडच्याच निघालात." मग माझं नाव वाचलं. बाबांचं वाचलं. थांबला. मान जरा पुढे काढली.

"आणि पुढे?"

समुद्रापलीकडून आला तो प्रश्न. माझ्याआधी तिथे पोचून बसला होता.

"पुढे काही नाही," मी म्हणाले. नेहमीचं उत्तर.

"असं कसं? आडनाव असतंच ना आपल्यात." हसला. गोड हसला. "पाहुणेबिहुणे निघायचो एखादवेळी."

तेवढ्यात बाकीचे दोघे आले. एक बाई, एक कॅप्टन, दोघेही परदेशी. त्यानं क्षणात इंग्रजी सुरू केलं, जणू मध्ये काही झालंच नाही. मुलाखत चांगली चालली. विमानाबद्दल विचारलं, हवामानाबद्दल विचारलं, सगळी उत्तरं दिली. मग त्या बाईनं तो प्रश्न विचारला. बोलायला हवं होतं आणि तुम्ही गप्प राहिलात, असा एखादा प्रसंग.

वादळ तयार होतं. ओळ न ओळ. मी तोंड उघडलं आणि कानात तो म्हणाला, तिनं सांगितलंच नाही.

मी स्पंज सांगितला. खुंटी सांगितली. मेलेला माईक, अंगठा, परीक्षक, सगळं. रडले नाही, आवाज चढवला नाही. अपघाताचा अहवाल सांगतात तसं सांगितलं. मी सांगितलं होतं, माझ्यासमोर तो माणूस खोटं बोलला आणि मी गप्प राहिले.

बाईनं विचारलं, "त्याबद्दल पुढे तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. हे मी पहिल्यांदा बोलते आहे."

भारतीय कॅप्टन टेबलाकडे पाहत होता. शेवटी बाई म्हणाली, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का? हा प्रश्न सगळे विचारतात. सगळे विचारतात म्हणून उमेदवार राहायची जागा, सुट्ट्या असलं काही विचारून मोकळे होतात.

"आहे," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, तिघांना कळावं म्हणून. "तुम्ही दोघे येण्याआधी कॅप्टननी माझं आडनाव विचारलं. मी नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं. तो निवडीचा भाग आहे का?"

तो हसायला लागला. "नाही नाही, सहज. गप्पा."

"आमच्याकडे आडनावावरून जात कळते. मी बौद्ध आहे. आडनावातून कॅप्टनना एवढंच कळलं असतं. आता कळलं."

परदेशी कॅप्टननं त्याच्याकडे वळून विचारलं, हे काय आहे? तो सांगायला लागला. संस्कृती, ओळख, असं काहीतरी. बाईनं त्याला मध्येच थांबवलं आणि माझे आभार मानले. पडदा काळा झाला.

आई चहा घेऊन आली. इंग्रजी तिला येत नाही, पण माझा आवाज तिला कळतो.

"काय इचारून राह्यला होता थो सुरुवातीले?"

"आडनाव."

"तिकडंबी?" ती खाली बसली. "मंग? सांगतलं?"

"बौद्ध आहो म्हणून सांगतलं."

तिनं पदरानं कपाची कड पुसली. चहा निवत होता.

"आता घेतीन का तुले?"

"माहीत नाई."

"अन् नाई घेतलं तं?"

"दुसरीकडं टाकतो अर्ज."

"तिथंबी इचारतीन."

"इचारू दे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. 'टाकतो' म्हणाले होते मी. कित्येक वर्षांनी. ती उठली आणि लॅपटॉप पुन्हा पूर्वीसारखा फिरवून ठेवला, फोटो मागे येईल असा.

उत्तर अजून आलेलं नाही. ते काय येईल याचा विचार मी सोडला आहे. दुसऱ्या दोन कंपन्यांत अर्ज टाकले आहेत. तिथे कोणी 'आणि पुढे?' विचारलं तर पहिल्याच वेळी उत्तर देईन, आणि का विचारलं हे सगळ्यांसमोर विचारीन. गप्प राहिल्याचा प्रसंग विचारला तर हाच सांगीन. वादळ कोणाला हवं असेल तर माझ्याकडे नाही.

तो आवाज गेला असं कोणी समजू नये. काल पुढच्या मुलाखतीच्या सरावाला बसले, हेडसेट चढवला, तो आलाच. ऐक फक्त.

मी माईक ओठांजवळ ओढला.

नाई. आता मी बोलतो.