वाचून दाखवला, बरोबर आहे

माझी सही बायकोच्या बोटावर चालायची. ती बेलापूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, मी दुसरीतूनच पळालेलो. सोसायटीचा कागद असो नाहीतर लाइटबिल, ती आधी सगळं वाचायची, मग बोट ठेवून म्हणायची, "हं, हितं करा." मी करायचो. चाळीस वर्षांत एकदाबी फसलो न्हाई.

म्हणून त्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदारानं कागदावर बोट ठेवलं, "बाबा, इथं करा" म्हणाला, आणि मी केली. आदल्या दिवशीच तिला अग्नी दिलेला. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण जे डोळ्यांनी बघितलं ते नीट सांगितलं होतं. ती गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं पुढं, मी वीस पावलं मागं. समोरून कांद्याचा टेम्पो आला. पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायच्या घाईत आमच्या बाजूला घुसला, तिला उडवली आणि थांबला न्हाई. नंबराचे शेवटचे चार आकडेही सांगितले. मला अक्षर कमी, पण आकडा बरोबर कळतो.

हवालदार एका हातानं टाइप करत होता, दुसऱ्या हातात मोबाईल. "ऐकतोय बाबा, बोला तुम्ही."

काय ऐकलं ते महिन्यानं जबाबाची नक्कल मिळाली तेव्हा कळलं. माझी मुलगी वाचता वाचता मधेच थांबली. मी म्हणालो, "वाच की." 'सदर मयत ही रस्त्याने चालत असताना चक्कर येऊन पडली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' आणि शेवटी, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली माझी वाकडी सही. एके ठिकाणी गावाचं नावही दुसऱ्याच गावाचं. कुठल्यातरी आधीच्या मेलेल्या माणसाचा कागद उचलून त्यात माझी बायको बसवली होती. सगळी नावंसुद्धा बदलायचा कंटाळा!

आमच्या गावची पोरं पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळतात, गोळा फेकतात. छाती किती फुगते ते मापतात. पळून कुणाला धरायचंय? टेम्पोवाला तर आकड्यासकट हातात दिला होता. समोरचा माणूस बोलतो ते तसंच उतरवायला, त्याला वाचून दाखवायला कुठं शिकवतात का न्हाई? आणि शिकवत असतील, तर न शिकणाऱ्याला खाकी कशी मिळते?

मी ठाण्याच्या चकरा सुरू केल्या. पाचव्या खेपेला नवीन साहेब भेटले. बरे बोलले, खुर्ची दिली. म्हणाले, "बाबा, पुरवणी जबाब घेऊ. टेम्पोवर गुन्हा दाखल होईल."

या वेळी कागद प्रिंटरमधून निघाल्यावर मी हात मागं घेतला. "वाचा."

त्याच हवालदाराला वाचावं लागलं. टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, आकडे आले. आणि मग हळूच, 'पूर्वीचा जबाब मी दुःखाच्या भरात चुकीचा दिला होता.'

"कुनी चुकीचा दिला?"

"बाबा, ते असं लिहावंच लागतं."

"लिवा मग, हवालदारानं चुकीचा लिवला."

तो हसला. "आता काय माझी नोकरी घालवता का?"

"माझी बायको गेली. तू नोकरीचं सांगतो व्हय?"

साहेब म्हणाले, "हे बघा, तुम्ही अडून बसलात तर केस लांबेल. नुकसान तुमचंच."

खरंच लांबली तर? पण सही केली असती, तर तिचं मरण मीच खोटं सांगितलं असं माझ्याच नावानं कायम राहिलं असतं. म्हणालो, "लांबू द्या. ह्या ओळीखाली मी सही करनार न्हाई."

साहेबांनी ती ओळ काढायला लावली आणि तिच्या जागी 'पूर्वीचा जबाब मला वाचून दाखवण्यात आला नव्हता' असं लिहून घेतलं. मी ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला लावलं आणि मग सही केली.

"ह्याला आता काय करनार?" मी हवालदाराकडं हात केला.

"समज देतो."

"तोंडी का लेखी?"

"बाबा," साहेब वैतागले, "तुमचं काम झालं ना?"

"माझं झालं. त्याचं राहिलंय," म्हणालो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.