शोभेचा कांदा

शोभेच्या कांद्याची कुंडी मी सासऱ्यांच्या भरवशावर सोडून पुण्याला गेलो, हा माझा मूर्खपणा. सासरे काष्टीचे, जन्मभर कांदा पिकवलेले. नव्वदच्या दशकात आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत बागेची स्पर्धा असे आणि यंदा त्याच्या जांभळ्या, चेंडूसारख्या फुलांच्या जोरावर बक्षीस माझंच, असं मी घरोघर सांगून ठेवलं होतं. स्पर्धेच्या सकाळी परतलो, तर कुंडीत नुसती पात. कळ्या धरलेला एकेक दांडा सासऱ्यांनी मोडून टाकला होता.

"डेंगळे आल्ते, जावईबापू. मोडले. आता कांदा चांगला पोसंल."

"मामा, हा खायचा कांदा नाही. फुलांसाठीच लावलाय."

ते आधी कुंडीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"पोरगी देताना आमी जरा घाईच केली."