सुभेदारांचा संशय

मला कोणत्याही वजनकाट्यावर चढवण्याआधी सुभेदार त्या काट्यावर आपलं दोन किलोचं लोखंडी माप ठेवायचे. बॉक्सिंगची स्पर्धा तालुक्याची असो की राज्याची, ते माप पिशवीतून सोबत यायचं. आयोजक हसायचे. काटा बरोबरच निघायचा, आणि त्यामुळे सुभेदारांचा संशय कमी होण्याऐवजी वाढायचा. "आज बरोबर आसा. उद्या सकाळी परत बघूया," म्हणत ते माप पुन्हा पिशवीत टाकायचे.

फौजेत असताना ते स्वतः बॉक्सिंग करायचे. निवृत्त होऊन धामापूरजवळच्या आमच्या गावी परतले आणि काजूचं एक रिकामं गोदाम भाड्याने घेऊन मुलामुलींना शिकवायला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झाले आणि भारताच्या संघातून बॉक्सिंगही खेळले. दोन्ही मी माझ्या कष्टाने मिळवलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बॉक्सिंगमध्ये सुभेदारांचा वाटा मोठा होता, हेही तितक्याच मोकळेपणी सांगते.

गाव मात्र त्यांच्याकडे तिरक्या नजरेनेच बघायचं. बायको वारलेला माणूस चेडवांना, म्हणजे पोरींना, मारामारी कशाला शिकवतो, हा प्रश्न वाण्याच्या दुकानापासून देवळाच्या पारापर्यंत फिरत होता. म्हणून माझी आई रोज सुपात तांदूळ घेऊन गोदामाच्या दाराशी येऊन बसायची. तांदूळ निवडून संपले तरी ती निवडतच राहायची. दुसऱ्या कोणाला राग आला असता. सुभेदार खूश झाले. "वयनी, तुमी येतास ता बरा करतास. माझ्यार कोणाचा तरी लक्ष व्हयाच," ते म्हणाले, आणि त्याच दमात, "पण काल ह्या चेडवाक खाजा कोणी दिल्यान? वजन वाढला हा." आई सुपात खाली बघायला लागली. मालवणच्या जत्रेतलं गुळाचं खाजं तिनेच मला दिलं होतं.

शिकवण्यातही तोच स्वभाव. "समोरच्या पोरीच्या डोळ्यांक बघ नको गो, डोळे फसवतत. खांदो बघ. हात येवच्या आधी खांदो हलता." पंच हसून बोलला तर त्यांना शंका, पंच हसला नाही तर दुप्पट शंका. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकानू, जगात कोण एक तरी खरा बोलता की नाय?" त्यांनी थोडा विचार केला. "आसतीत. पण ते कोण, ह्या कोण सांगतला?"

मग दिल्लीतली ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. हौशी बॉक्सर, पुरुष आणि बायका दोन्ही, कितीतरी देशांचे. संघाचे प्रशिक्षक वेगळे असल्यामुळे सुभेदारांना माझ्या कोपऱ्यात उभं राहता येणार नव्हतं. ते स्वतःच्या खर्चाने आले आणि तिकीट काढून प्रेक्षकांत बसले. संघाच्या जेवणातली केळीसुद्धा त्यांना संशयास्पद वाटत होती.

पहिली लढत मी जिंकले. समोरची मुलगी मध्य आशियातली, माझ्यापेक्षा वीतभर उंच. शेवटच्या फेरीत तिचा एक ठोसा माझ्या कानामागे बसला, पण पंचांनी हात माझाच वर केला. पुढची लढत दुसऱ्या दिवशी होती. ती जिंकले की पदक नक्की, आणि पदकावर खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी. बाबांनी तर कुडाळच्या कचेरीत जाऊन चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

संध्याकाळी माझं डोकं जड झालं, उजेड सोसेना, दोनदा उलटी झाली. मी कोणाला काही बोलले नाही. फक्त आईला व्हिडिओ कॉल करून सांगितलं. ती ठामपणे म्हणाली, "अख्ख्या गावान तुका टीव्हीर बघल्यान. नजर लागतली नाय तर काय!" तिने आपला फोन पाटावर उभा केला, त्यात दिसणाऱ्या माझ्या चेहऱ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरात कोणालाच ठसका लागला नाही. "बघलंस? वास इलो नाय! मोठी नजर होती," आई म्हणाली. मला खरंच हलकं वाटलं. मी झोपले.

सकाळी तपासणीच्या वेळी स्पर्धेच्या डॉक्टरबाईंनी मला थेट विचारलं, "काल किती उलट्या झाल्या?" त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एका पायावर उभं केलं. मी डाव्या बाजूला झुकले. लढत तिथेच संपली. समोरच्या मुलीला न लढता पुढे चाल मिळाली. मी बाहेर आले तेव्हा सुभेदार भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हे फोडलं कोणी? खोलीतली जोडीदारीण? तिला सगळ्यांचं बारीकसारीक कळायचं. की प्रशिक्षक, ज्यांच्या मनात माझ्या जागी दुसरीच होती? परतीच्या गाडीत मी एकेकाला मनातल्या मनात उभं करून तपासलं. घरी आल्यावर आईच सहज बोलून गेली, "मी फक्त सुभेदारांक त्या राती फोनार सांगलंय. म्हटला, चेडवाची नजर काढलंय, आता बरा आसा." फोन ठेवण्याआधी सुभेदारांनी तिला एवढंच विचारलं होतं, ओकली किती वेळा.

गावाला तर आयतंच मिळालं. "सुभेदारान पैसे खाल्ल्यान असतले कोणाकडसून तरी," लोक म्हणाले. "नायतर आपल्याच पोरीचो घास कोण काढता?" बाबांनी मला गोदामाकडे जायला बंदी केली. इतर आईबापांनीही पोरं काढून घेतली. सुभेदारांनी कोणालाही खुलासा दिला नाही. महिनाभराने त्यांनी गोदाम सोडलं आणि वालावलला बहिणीकडे राहायला गेले. पुढच्या वर्षी तिथेच वारले.

ते जाणार होते त्या सकाळी मी बाबांना न सांगता गोदामात गेले. ते पंचिंग बॅग खाली उतरवत होते. मी दारातूनच बोलले, कारण आत गेले असते तर रडले असते. "काकानू, डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे का नाय इलात? डोक्या माझा, नोकरी माझी. एकदा माका इचारूक तरी होया होता." हे आजही माझं म्हणणं आहे. तेव्हा डोक्याचा जडपणा पूर्ण उतरायला मला तीन आठवडे लागले, तरीही आहे.

त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तुका इचारला असता, तर तू म्हटलं असतंस, माका काय एक झाला नाय," ते म्हणाले. "आणि माका ता खरा वाटला असता, गो."