छातीएवढे पाणी

पुढे जे लिहितो आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्या एका व्यक्तीला ते सर्वांत आधी कळायला हवे होते तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? ते मलाही नीट सांगता येणार नाही. वर्गात मी म्हणत असे, उत्तर लिहिण्याआधी आकृती काढा. म्हणून आधी आकृती काढतो. तेवढाच वेळ मिळेल — हेही खरे.

पुण्यात मी भूगोल शिकवत असे. मंजिरीला ॲमस्टरडॅमजवळ नोकरी लागली, तेव्हा तिच्या व्हिसावर तिचा नवरा म्हणून मी इथे, उइटहॉर्नला आलो. वर्ग नसलेल्या शिक्षकाने आपली शिस्त कुठे खर्च करावी? मी सहली आखू लागलो. ओळखीतली मराठी कुटुंबे मला ‘सर’च म्हणत, सुट्टी आली की ‘सरांना विचारा’ हे ठरलेले. दक्षिण इटलीची ती सहलही माझीच आखणी होती.

सालेर्नोच्या खाली जो किनारा आहे, तिथली पुष्कळशी गावे जोडीने असतात. जुने गाव डोंगरावर, आणि त्याची वाळू आणि होड्या खाली. पूर्वी चाचे आणि हिवताप यांच्या भीतीने माणसे उंचावर राहत. आम्ही एका ठिकाणी मुक्काम केला होता आणि रोज एक गाव पाहत होतो: सकाळी खालची वाळू, दुपारी वरचे गाव, संध्याकाळी बसने परत. मला ही रचना फार आवडली होती. प्रत्येक गोष्टीला वर आणि खाली अशी दोनच स्थाने.

त्या दिवशीचा किनारा अर्धचंद्राकृती होता. डावीकडे कोरड्या ओढ्याची घळ, उजवीकडे पाण्यात बराच पुढे एक तांबडा खडक. आम्ही चौघे होतो: मी, मंजिरी, नऊ वर्षांची इरा, आणि वैदेही. वैदेही मंजिरीच्या ऑफिसातली, आमच्याच गल्लीत राहणारी, एकटी. इराची शाळा लवकर सुटली की पुष्कळदा तीच तिला सायकलवर मागे बसवून घरी आणत असे. मंजिरी पाव आणायला वरच्या गावात निघाली. जाता जाता म्हणाली, “इराकडे बघा हं दोघं.”

“मी आहे ना, तू जा बिनधास्त,” वैदेही म्हणाली. “आणि सर तर आहेतच. वाळूवरसुद्धा हजेरी घेतील.”

ते ‘मी आहे ना’ पुढे तिला किती महाग पडणार होते, हे तिला कुठून कळावे?

आता आकृतीत माणसे ठेवतो. वैदेही छत्रीखाली, साताऱ्याला आईशी फोनवर बोलत होती. पाण्याची तिरीप डोळ्यांवर येत होती, म्हणून समुद्राकडे पाठ करून बसलेली. इरा काठाजवळच्या पाण्यात, हवा भरलेल्या पिवळ्या गादीवर पालथी. मी वाळूवर उभा — समुद्राकडे तोंड करून.

इथे मी थांबतो. मनातल्या मनात जेव्हा जेव्हा हे सांगितले, तेव्हा तेव्हा इथेच थांबलो आहे.

वाऱ्याविषयी दोन वाक्ये लिहू द्या. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. हे मी इतक्या वर्गांना शिकवले की झोपेतही सांगेन. गादी काठापासून सरकू लागली तेव्हा माझ्या मनात आले — दिवस आहे, वारा तिला परत आणेल. पण त्याआधीच माझी टोपी उडाली होती, आणि ती पाण्याच्या दिशेने गेली होती. घळीतून वारा खाली उतरत होता, समुद्राकडे. पुस्तकातला नियम आणि डोळ्यांसमोरची टोपी, यांपैकी मी कशावर विश्वास ठेवला? टोपीवर. मला माहीत होते.

आणखी एक गोष्ट मी स्वतःशी म्हटली: इराकडे ए-डिप्लोमा आहे. या देशात मुलांना पोहण्याची परीक्षा असते आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी, बुटांनिशी द्यावी लागते, कारण इथली मुले पडली तर कालव्यात पडतात, तीही कपड्यांनिशीच. त्या परीक्षेला मी काचेपलीकडे बसून टाळ्या वाजवल्या होत्या. मला स्वतःला पोहता येत नाही. पाणी कमरेच्या वर आले की माझा श्वास अडतो. हे सर्वांना माहीत आहे. यात लपवण्यासारखे काही नाही. पोहता न येणे हा दोष नव्हे.

दोष हा. गादी त्या तांबड्या खडकाकडे चालली होती आणि मी ती पाहत होतो. पुष्कळ वेळ पाहत होतो. इरा उठून बसली, मागे वळली, आणि तिने हात वर केला — उत्तराची खात्री नसलेले मूल वर्गात करते तसा, अर्धाच. ती माझ्याकडे पाहत होती. आणि मी खाली वाकलो. शेजारच्या पिशवीत दोन्ही हात घातले आणि काहीतरी शोधू लागलो. पिशवीत शोधण्यासारखे काहीही नव्हते. बाबांनी आपल्याला पाहिलेच नाही असे तिला वाटावे, म्हणून मी वाकलो.

ओरडलो का नाही? ओरडलो असतो तर सगळा किनारा वळला असता, आणि पुढचा प्रश्न मलाच आला असता — मग तुम्ही का जात नाही? तो प्रश्न यायच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी ती लक्षात यावी, याची मी वाट पाहत होतो. माझी मुलगी दूर जात होती आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

आली एक बाई. पांढरी रबरी टोपी घातलेली, म्हातारी, तिथलीच असावी. ती खडकाच्या बाजूने गादीकडे गेली, गादीची दोरी धरली आणि ओढत आणू लागली. मला काठावरून फक्त तिची टोपी आणि खांदे दिसत होते. ती बरीच जवळ आल्यावर मी पाण्यात शिरलो, शर्ट-पँटसकट, कमरेपर्यंत. तिने दोरी माझ्या हातात दिली आणि इटालियनमध्ये काही म्हणाली. शब्द कळले नाहीत. पण आधी माझ्याकडे, मग वाळूवरच्या पिशवीकडे बोट केले. तिने सगळे पाहिले होते.

ती गेली. इतका वेळ गादीत तोंड खुपसून पडलेल्या इराने आता मान वर केली, तिला मीच दिसलो, आणि ती माझ्या गळ्याला बिलगली. आणि नेमकी तेव्हाच मंजिरी पाव घेऊन वाळूवर आली. तिने काय पाहिले? भिजलेला नवरा, गळ्याशी मुलगी, हातात दोरी. उरलेली गोष्ट तिची तिनेच रचली. मी फक्त ती खोडली नाही.

नाही, हेही पूर्ण खरे नव्हे. मंजिरीने विचारले, “पण ती एवढी लांब गेलीच कशी?” आणि मी म्हणालो, “मी पिशवीत क्रीम शोधत होतो. मला वाटलं, वैदेही बघतेय.”

वैदेहीचा फोन अजून हातातच होता. ती म्हणाली, “माझंच चुकलं गं. मीच म्हटलं होतं, मी आहे म्हणून.” आणि रडू लागली. मी तिला टॉवेल दिला. टॉवेल दिला!

पुढे ती कथा आमच्या मंडळींत फिरली. पोहता न येणारा बाप कपड्यांनिशी समुद्रात गेला. “सरांनी परीक्षा दिली, यांना डिप्लोमा द्या,” असे कुणीतरी म्हणाले, आणि इराने खरोखरच एक रंगवून दिला. अजून फ्रिजवर आहे. त्याच कथेच्या दुसऱ्या टोकाला वैदेही होती. मंजिरी तिच्याशी कधी भांडली नाही. फक्त शाळेतून आणायला सांगणे बंद झाले, गणपतीचे बोलावणे बंद झाले. वैदेही हार्लेमला राहायला गेली.

एकदा तिथल्या स्टेशनवर भेटली. इराची चौकशी केली, पाण्याला घाबरत नाही ना, असे विचारले. मग हसत म्हणाली, “मी हल्ली मैत्रिणींना सांगूनच टाकते, सर — तुमची पोरं माझ्यावर सोडून जाऊ नका. आपल्याला नाही जमत ते.” मी तिच्यासमोर उभा होतो. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, “आज वारा फार आहे.”

इरा आता मास्ट्रिख्टला शिकते. या उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर त्याच किनाऱ्याला गेली. सहल अर्थात मीच आखून दिली: कोणत्या दिवशी कोणते गाव, कुठून बस. ते एक गाव मात्र वगळले. म्हटले, तिथे नुसते दगड आहेत, जाण्यासारखे नाही. ती तिथेच गेली. मुलगी माझीच, वगळलेला धडा आधी वाचणारी.

तिने फोटो पाठवला. वाळूवरून काढलेला, मी उभा होतो साधारण तिथूनच. दूर, तांबड्या खडकाला हात टेकून इरा उभी आहे. उभी. पाणी तिच्या छातीपर्यंत आहे. दुसरा हात तिने वर केला आहे, या वेळी पूर्ण.

मागोमाग फोन. “बाबा, डीप नाहीचे! इथपर्यंत सगळी वाळू आहे, खडकाच्या पलीकडे एकदम खोल. म्हणजे तू तेव्हा चालत आला होतास?”

तेव्हा मला कळले. ती म्हातारी पोहत नव्हती. चालत होती.

“हो,” मी म्हणालो.

“क्यूट. वैदेहीमावशीला पाठवू फोटो? तिला बरं वाटेल ना, की एवढं काही खोल नव्हतं. आई म्हणते, नको.”

“आई म्हणते तसं कर,” मी म्हणालो.

वैदेही पाठमोरी होती. तिने पाहिले नाही. मी पाहिले.