थाळीवरचे नाव

माझ्या कपाटात जुनी चिनी सेलाडॉनची भांडी आहेत. त्यांचा हिरवा रंग सांगून कळत नाही. सोललेल्या काकडीवरून पाणी निथळावे, तसा काहीसा. त्यांतली सर्वांत मोठी थाळी मी कॅम्पातल्या एका जुन्या मुसलमान कुटुंबाकडून विकत घेतली. कडेला नखाने टिचकी मारली की घंटेचा शेवटचा, विरत जाणारा नाद तेवढा उमटतो. "अन्नात विष असेल तर ही तडकते, असं आमच्यात मानतात," देताना त्या घरच्या बाई म्हणाल्या होत्या. तळाशी कुणा जुन्या मालकाने बारीक ठिपके कोरून फारसी लिपीत आपले नाव घातले आहे. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवताना मला दुसऱ्या कुणाच्या बोटाची ऊब जाणवे.

हे सारे मी थोरल्या जाऊबाईंना कौतुकाने सांगितले होते. माझ्या संग्रहाला त्या 'बश्या' म्हणतात. तरीही गौरींपुढे करंज्या मांडायला त्यांनी नेमकी हीच थाळी मागितली, आणि माझ्या आधी यजमानांनीच होकार दिला.

दसरा गेला, दिवाळी गेली. शेवटी मी स्वतःच कोथरूडला त्यांच्याकडे गेले. जेवणाच्या टेबलावर थाळी होती आणि थाळीत लसणाचे गड्डे. लसूण बाजूला काढून मी ती उलटी केली, तर बोटाला काहीतरी बोचले. जुन्या ठिपक्यांशेजारी, हिरवी झिलई टवके काढून फोडत, सौ.पासून आडनावापर्यंत जाऊबाईंचे संपूर्ण नाव पांढरे फटफटीत उमटले होते.

"हे काय केलंत, वहिनी?"

"नाव घातलं. कसब्यात डब्यांवर नावं घालायला गेले होते, त्याच मशीनवर हेही उरकलं. चार घरी जाणारं भांडं, नाव नको?"

"थाळी माझी आहे."

"आडनाव एकच आहे की. तुझं काय गेलं?"

"ओरखडलीत तुम्ही ती!"

"वा! आधीच्यानं नाव घातलं तर तू त्यावर बोटं फिरवतेस, आल्यागेल्याला थाळी उलटी करून दाखवतेस. आम्ही घातलं की ओरखडा? येईल दोनशे वर्षांनी कुणीतरी माझंही कौतुक करायला. थांब जरा."

 थाळी ओढणीत गुंडाळून मी उठले. "चहा तरी घे," असे त्या म्हणाल्या, ते दाराची कडी काढता काढता.

ते नाव घासून काढायचे तर शेजारचे ठिपकेही जातील, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. म्हणून ते तसेच राहिले. लसणाचा वास गेला. पण ठिपक्यांवरून निघालेले बोट आजही त्या 'सौ.'पाशी अडते.

यंदा गौरींच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. "माझी थाळी पाठवून दे."

समोरच्या कपाटात थाळी अखंड होती. दुपारच्या उन्हात तिची कड पाण्यासारखी हलत होती.

"ती तडकली," मी म्हणाले.

"अगंबाई! कधी?"

"तुमच्याकडून आणली ना, तेव्हाच."

 फोन त्यांनीच आधी ठेवला.