ताईचे गुरुवार

ताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दारात पोदेराकडून पाव घेत होतो. मुळगावहून तिच्या शेजारणीचा, निर्मलाचा, फोन होता. "भाऊ, बाई न्हाणीत पडल्या हो, बोलत नाहीत..." एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. डिचोलीच्या नाक्यावरून मोटारसायकलवाला पायलट घेऊन मी निघालो. वीस मिनिटांचासुद्धा रस्ता नाही. पोचलो तर डॉक्टर येऊन परत निघाले होते. हृदय थांबलं, म्हणाले. मी पावाची पिशवी हातात घेऊनच उभा होतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. मूलबाळ नाही. सासरे अंथरुणाला खिळलेले, मग सासू, मग आमची आई, शेवटी भावजी... एकामागून एक सगळ्यांचं तिनं केलं. भावजी खाणीवरच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. ते गेले तेव्हा त्यांची जुनी पांढरी गाडी घराशेजारच्या मांगरात उभी होती. ती विकून टाकू, असं मी सुचवलं. ताई म्हणाली, "विकायची कशाला? मी शिकते." तेव्हा तिला एकोणसाठावं चालू होतं. रविवारी खाणीचे ट्रक बंद असत. त्या लाल धुळीच्या रस्त्यावर ती शिकवणाऱ्याला शेजारी बसवून गाडी चालवायची आणि गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची.

लायसन्स मिळालं तसे तिचे गुरुवार सुरू झाले. सकाळी सातला निघायची. अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं मांद्रे, हरमल, कधी केरीपर्यंत. दिवेलागणीला परत. बरोबर कोणी नाही. सुरुवातीला माझी बायको सुलभा म्हणाली, "वन्सं, मी येते सोबतीला." ताई हसली आणि पुढच्या गुरुवारी कोणाला न सांगता निघून गेली. गावात बोलणं झालंच. एकटी बाई दर्यावर जाऊन काय करते? मीही एकदा विचारलं. "काय करणार? जाते आणि येते," एवढंच उत्तर. परत यायची तेव्हा मात्र तिचा चेहरा बघत राहावासा वाटे. मी पुन्हा विचारलं नाही.

सात वर्षं असं चाललं. मग गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसू लागले. आधी दरवाजावर, नंतर मागे. ती म्हणायची, गेट अरुंद आहे. मी तिला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं तिला नीट दिसत होतं, बाजूचं मिटत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, आणि गाडी बंद. ताईनं सगळं शांतपणे ऐकलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा निघाली.

त्या संध्याकाळी ती थेट माझ्या घरी आली. मी पुढे केलेल्या कदेलावर बसली, पाणीही घेतलं नाही. "दिनू, अस्नोड्याच्या वळणावर एका माणसाला पाडलं मी. सायकलवर होता. त्याला काही झालं नाही, कोपर खरचटलं. पण मला तो दिसलाच नाही रे... तिथं कोणी नव्हतंच, माझ्यासाठी." मी हात पुढे केला. तिनं किल्ली दिली. ती भांडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं नुसती दिली. मी बरोबर केलं हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनी तसंच सांगितलं. त्यानं काही फरक पडत नाही.

मला गाडी येत नाही. म्हणून एका गुरुवारी मी ड्रायव्हर ठरवला, सुलभानं शिरा करून घेतला आणि आम्ही ताईला घेऊन निघालो. तोच रस्ता, त्याच वेळी. ती मागे खिडकीशी बसली होती. सुलभा सारखी म्हणत होती, "बघा वन्सं, केवढ्या लाटा!" केरीला आम्ही उतरलो, ताई उतरली नाही. मी दार उघडून उभा राहिलो. ती हळूच म्हणाली, "तू मला आणलंस रे, दिनू. पण मी आले नाही." मी दार लावून घेतलं. पुन्हा मी गाडी ठरवली नाही. त्यानंतर वर्षभरानं ती गेली.

तेरावा झाल्यावर तिचा मोबाईल माझ्याकडे होता. एका सकाळी तो वाजला. वर नाव होतं, 'हरमल रुक्मीण'. मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज, "बाई, बऱ्यो आसात मगे? सीझन सुरू झाला. पर्यटक येतात. मागची खोली गुरुवारी त्यांना देऊ काय, की तुम्ही येणार?" मी त्यांचा भाऊ, येऊन भेटतो, एवढंच बोललो.

गुरुवारीच गेलो, बसनं. रुक्मीण पन्नाशीची, नवरा मासेमारीला जाणारा, घरामागे भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या. मला बघून तिनं आधी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. मी सांगितलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "फोनार सांगायच्यो, डोळ्यांचं आहे, बरं झालं की येते."

"ती इथं यायची ते काय करायला?" मी विचारलं.

"न्हिदायच्यो," रुक्मीण म्हणाली. "पेज जेवायच्यो आनी न्हिदायच्यो. दोन तास, तीन तास. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्यो, कोणी उठवू नका."

तिनं खोली उघडून दिली. खाट, धुतलेली चादर, पाण्याचा तांब्या. जनेल उघडलं तर समोर शेजाऱ्याची भिंत आणि एक माड. दर्या दिसतच नव्हता. मी खाटेच्या कडेला टेकलो. सगळ्यांच्या हाकेला उठणारी माझी बहीण झोपेसाठी एवढ्या लांब येत होती. आमच्या घरी कितीतरी खाटा होत्या... आमच्यापैकी कोणालाही तिनं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही तिला झोपू दिलं असतं का, कोण जाणे.

तेवढ्यात बाहेरच्या वाटेनं दोन स्कूटर घरघरत आल्या. पायरीवर बसलेली रुक्मीण ताडकन उठली आणि हात वर करून ओरडली, "सवकास रे! बाई न्हिदल्यात!"

मग तिनं तोंडावर पदर घेतला. स्कूटरवरच्या परदेशी पोरांना शब्द कळले नसावेत, पण तिचा हात कळला. त्यांनी इंजिनं बंद केली, खाली उतरली आणि स्कूटर ढकलत, आवाज न करता, खोलीसमोरून पुढे निघून गेली. आम्ही दोघांनीही त्यांना काही सांगितलं नाही.