जोहान्सबर्गची मागची लिफ्ट

रिटायर झाल्यावर माझ्या माहेरची, बेंगळुरूतल्या चामराजपेटकडची माणसं काशी-रामेश्वर करतात. मला जोहान्सबर्ग बघायचं होतं. तिथल्या वर्णभेदामुळे माझ्या पहिल्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका सोडून' असा शिक्का होता, आणि जिथे जाऊ नको म्हणतात तिथेच जायची मला जुनी खोड.

बेंगळुरूहून मी आदिस अबाबाला विमान बदलून गेले. व्हिसाचं काम आधीच उरकून घ्या. जुलैत जाणार असाल तर स्वेटर हवाच, तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, अगदी आपल्या नाचणीच्या रागीमुद्देसारखा, आणि सोबत घेवड्याची उसळ.

दुसऱ्या दिवशी हिलब्रो. हा भाग एकट्याने फिरण्यातला नाही, माहीतगार माणूस घ्याच. मला मिळाली सत्तरीची नोम्सा. सगळे तिला गोगो म्हणतात, म्हणजे आजी. तिथल्या एका उंच इमारतीत तिने गोऱ्यांच्या घरी वीस वर्षं धुणीभांडी केली होती. राहायची गच्चीवरच्या खोलीत. वर जायला मागची लिफ्ट: कचऱ्याचे डबे, कुत्री आणि काळी माणसं यांच्यासाठीची.

"मग वर्णभेदाचा कायदा गेला," ती म्हणाली. "मी चांगले कपडे घातले आणि पुढच्या लिफ्टमध्ये शिरले. आत एक बाई होती, रोज मला गुड मॉर्निंग म्हणणारी. पुढच्याच मजल्यावर ती उतरली आणि जिन्याने गेली."

"आणि तुम्ही?"

"मी वरपर्यंत गेले."

मग तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे असलं काही नसेल ना?"

"नाही," मी म्हटलं.

चक्क खोटं बोलले. बनशंकरीतल्या आमच्या अपार्टमेंटची मी सेक्रेटरी. 'घरकामाच्या बायकांनी मागचीच लिफ्ट वापरावी' ही नोटीस मीच टाइप केलेली, खाली सहीही माझीच. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट सोसायटीला शिस्त लागली म्हणून मी खूश होते. उरलेले चार दिवस म्युझियम पाहिली, फोटो काढले, पण लाज काही जाईना.

परतले त्या सकाळी गौरम्मा, आमची स्वयंपाकीण, जिन्यात बसलेली दिसली. ती लांब आनेकलहून बसने येते, गुडघे पार गेलेत. मागची लिफ्ट आठवडाभर बंद होती आणि आमचं घर सहाव्या मजल्यावर. मी पुढच्या लिफ्टचं बटण दाबलं. "चल."

"बेडा अक्का, नको. कॅमेरा आहे. तुम्ही काही बोलणार नाही, पण माझी बाकीची चार घरं जातील."

"मी सांगते ना सगळ्यांना."

"नोटिशीवर सही तुमचीच आहे, अक्का," ती हळूच म्हणाली आणि कठडा धरून उठली.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी नोटीस रद्द करायचा ठराव मांडला. तासभर सगळे अगदी गोड बोलले. "मॅडम, फॉरेनहून आल्यावर स्वल्प दिवस असं होतं," एक जण म्हणाले, "मग सरी होतं, ठीक होतं." शेवटी ठरलं की नोटीस राहील, फक्त सुरुवातीला 'कृपया' घालायचं. टाइप करायचं काम अर्थात माझ्याकडे. मी तिथल्या तिथे सेक्रेटरीपद सोडलं.

राजीनामा देऊन मला बरं वाटलं, हे कबूल करते. 'कृपया'वाली नोटीस दुसऱ्या कुणीतरी टाइप केली. मागची लिफ्ट अजून दुरुस्त झालेली नाही, आणि गौरम्मा जिन्यानेच येते.